जेवलो

रात्री साडेनवाला शटर अर्धं ओढून
मी दुकानातच बसतो.
वर घरात रेंज नीट येत नाही, हे एक कारण.
दुसरं कारण कुणी विचारत नाही.

उद्यमनगरात आमचं मोटार वाइंडिंगचं दुकान.
पुढ्यात पाच एचपीची जळकी मोटार,
मुरगूडच्या कुठल्याशा विहिरीवरनं आलेली.
तिच्या पोटातली काळी तार उपसायची,
नवी भरायची, वेढे मोजत.
चौतीस, पस्तीस,
आणि फोन वाजतो.

"आई, जेवलो बघ."
पहिल्या आठवड्यात एवढंच.
काय जेवलो, ते सांगायची नाही.
मागं खुर्चीवर न वाळलेली जीन्स,
आणि खिडकीत पाऊस, पण कसला,
"पडत नाही गं, नुसता हवेत उभा असतोय."

तिच्या गावाचं नाव विसरू नये म्हणून
गिऱ्हाइकांच्या वहीत लिहून ठेवलं :
शिरोळ, हुपरी, मुरगूड, लिमरिक.

दुसऱ्या आठवड्यात तिला बँकेनं परत लावलं.
पत्त्याचा पुरावा आणा.
खोली आहे, खाट आहे, किल्ली आहे,
पण वीजबिल घरमालकीण नोरीनबाईच्या नावावर.
मला हसू आलं. इथलं मीटर माझ्या नावावर,
उत्कर्षाच्या कर्जाच्या कागदाला
तेच बिल जोडलंय.

तिथं बसमधनं उतरताना
सगळी माणसं ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात म्हणे.
मीपण एकदा केएमटीतनं उतरताना म्हणून बघितलं.
तो वळून म्हणाला, "काय ओ मावशी, पिशवी राहिली काय?"
हे तिला सांगितलं तेव्हा
ती इतकी हसली, की मधेच गप्प झाली.

मग चौथा आठवडा. मंगळवार.
"आई, मी जेवले."

तार हातातच राहिली.
जेवले.
नुसता एक काना गळाला होता,
मात्रा तेवढी जागेवर.

शेजारच्या खोलीत पुण्याची मृण्मयी आहे,
ती म्हणाली असणार, तू मुलगा आहेस का गं?
आता तिला कुठनं कळणार,
आमच्यात पोरी येतो म्हणतात, जातो म्हणतात,
नवरी झाली तरी "निघालो" म्हणूनच रडती.
मी तरी वेगळं काय बोलतो?
इतका वेळ तुम्हालाही
मी तिचा बाप वाटलो असेन.
बाप वर झोपलाय, बीपीची गोळी घेऊन.

इंग्रजीत बरं असतंय, तीच सांगत होती.
जेवलं की जेवलं,
बाई का बुवा, क्रियापद विचारत नाही.
एवढी सोय असलेल्या मुलखात जाऊन
माझी पोर सुधारली ती मराठीत.

मी काही बोललो नाही.
बरोबरच बोलती की ती, पुस्तकात असतंय तसं.
फोन ठेवला, आणि कितवा वेढा ते आठवेना,
म्हणून सगळी तार सोडून
पहिल्यापासनं मोजत बसलो.

परवा रात्री एकला फोन.
तिकडं साडेआठ.
चुकीच्या बसमध्ये बसलेली,
नदी ओलांडून कुठं तरी पोचली,
बॅटरी दोन टक्के, रस्त्यावर माणूस नाही,
तासभर चालत आली.
"आई, चुकलो होतो गं. लई घाबरलो.
आता आलो. खोलीत आलो."

मी नुसतं हूं म्हटलं.
जास्त बोललो असतो तर कळलं असतं तिला.

पलीकडं किटलीचा आवाज.
मग नाक ओढून म्हणाली,
"जेवले नाही अजून."

"मग जेव जा," मी म्हटलं.

सकाळी मुरगूडचा माणूस मोटार न्यायला आला.
चालू करून दाखवली.
कान लावून म्हणाला, "आवाज जरा निराळा येतोय काय, वहिनी?"
मी म्हटलं, नवी तार आहे.
चालवा तर खरं.