डावा करत नाही

उद्यमनगरात कदमांच्या शेडमधली
शेवटची लेथ बंद झाली की आमचं सुरू.
पायाखाली लोखंडाचा कीस,
बेसच्या तारांना कूलंटचा वास.
दिवसभर इथंच बुश कापतो मी,
म्हणून भाडं माफ.

निलांबरी चौगुलेनं झेरॉक्सची चार पानं आणली,
सीपीआरमधली केस, तिच्या एम.ए.ची.
ज्ञ. स., वय बासष्ट, धंदा चपला.
झटक्यानंतर उजवा हात वेणी घालतो,
डावा ती सोडवतो.
रुग्ण म्हणतो, हा माझा नव्हे.
रुग्ण त्याच्यावर बसून जेवतो.

"गाणं आहे हे."
तौफिक मुजावरनं कसलं ते विचारलं नाही,
स्नेअरवर टॉवेल टाकला
आणि एकच ठोका धरला, पॉवर प्रेसचा,
बोटं मागं घ्यायला सवड न देणारा.
माझ्याकडं तीन सूर. चौथा मागितला नाही.
निलांबरीची गिटार पत्रा खरवडत होती
आणि ती गात नव्हतीच, वाचत होती
रेशन दुकानातल्या आवाजात:
रुग्ण सहकार्य करतो.
रुग्ण सहकार्य करतो.
डावा करत नाही.

राजारामपुरीत एका गच्चीवर
चाळीस पोरं हेच ओरडत नाचली.
घरी आलो, झोप येईना.
सुभाषनगरात वेणी उसवणारे
असे किती असणार?

एकच. ज्ञानू सातपुते.
उंबऱ्यात बसलेला, पुढ्यात रापी, आरी,
डावा हात पंच्यानं कमरेला बांधलेला.
"तुमच्यावर गाणं केलंय," म्हणालो,
म्हणताना कानशिलं तापली.

उजव्यानं इअरफोन कानात घातला.
ऐकत राहिला. मान हलली नाही.
पंच्याची गाठ कधी सुटली दिसलं नाही,
डावा वर आला, सावकाश, मानाच्या पाव्हण्यासारखा,
आणि इअरफोन काढून
माझ्या तळहातावर ठेवला.
दोन मिनिटं अकरा सेकंद.

"त्येला न्हाई आवडलं."
मग चामडं पाण्यात दाबत,
"वहीवाल्या बाईनं समदं मलाच इचारलं.
त्येला कुणी इचारलंच न्हाई."

येताना एक जोड घेतला. घासाघीस केली नाही.
डाव्या पायाची वेणी अर्धीच आहे,
चालताना उजवा तेवढा करकरतो.

आता गाणं दोन-अकराला थांबतं.
निलांबरी भांडली. पुढं निदान आहे, म्हणाली,
निदान ते तरी ठेव.
तौफिक काही बोलला नाही, टॉवेल झटकत बसला.

दोन-अकराला माझा डावा
तारांवर आडवा पडतो.
उजवा थांबत नाही.
सूर निघत नाही कुठलाच, नुसतं
टक्, टक्,
भिजल्या चामड्यावर हातोडी पडावी तसं.
पोरांना वाटतं, वायर निघाली.