तेवीस नंबरचा तीळ

शर्ट काढा, ब्रिअनी म्हणते, आणि डेस्मंड
होडीचा दोर सोडावा तसं एकेक बटण सोडतो.
जेराल्डटनच्या धक्क्यावरून
चाळीस वर्षं शेवंडांच्या मागे गेलेली ही पाठ:
सुकटीसारखी, ठिपक्याठिपक्यांची,
कमरेशी तेवढी एक गोरी पट्टी,
जिथे ऊन पोचलं नाही.

जेलचा थेंब. गार.
भिंग कातडीला टेकतं आणि पडद्यावर
तीळ उघडतो, तिळाएवढा राहत नाही.
मधाच्या पोळ्यासारखी जाळी,
कडेला हळूच विरणारी.
एक नंबर, ठीक. दोन, ठीक.
खांद्यावरचा तो काळाकुट्ट, खरबरीत,
होडीच्या बुडाला चिकटलेल्या कालवासारखा,
ज्याला बघून नातवंडं तोंड फिरवतात,
तो नुसता म्हातारपणाचा.
दिसायला चोर, मनाने साधा.

तेवीस.
कमरेच्या वर, डावीकडे,
आरशालाही मान वळवावी लागेल अशा जागी.
मसुरेच्या डाळीएवढा.
ब्रिअनी गेल्या वर्षीचा फोटो शेजारी लावते
आणि तिचा हात माउसवर थांबतो.

गेल्या वर्षी तिळाभोवती एक कडं आहे.
भिंगाखाली ती रेघ तपकिरी दाण्यांची, मधेच तुटलेली.
"भुवयांची पेन्सिल," उशीत तोंड ठेवून तो सांगतो.
"लोर्ना काढायची, इथे यायच्या आदल्या रात्री.
म्हणायची, त्यांच्या नजरेतून एखादा सुटला तर?"

या वर्षी कडं नाही.

ब्रिअनी एक फोटो दुसऱ्यावर ठेवते,
पारदर्शक करते, सुरकुतीला सुरकुती जुळवते.
तीन बाजूंनी तीळ जागच्या जागी.
चौथ्या बाजूला जाळी फाटलेली,
निळसर राखी धुकं,
आणि एक काळा पाय
पेन्सिलची रेघ ओलांडून बाहेर पडलेला.

मशीन आकडा देतं: शून्य पूर्णांक एकाहत्तर.
मशीनला लोर्ना माहीत नाही.
त्याने त्या रेघेला केस समजून
आधी पुसलं, मग मोजलं.

गुरुवारी डॉक्टरांनी काढला. पाच टाके.
अहवाल आला: होता तोच, पण वरवरचा,
अर्ध्या मिलिमीटरच्याही आत.
फोनवर डेस्मंडने एवढंच विचारलं,
जुना फोटो मिळेल का.
नवा नको.

तीन महिन्यांनी तो पुन्हा पालथा.
टाक्यांच्या वणाशेजारी
जाड काळ्या मार्करचं वेडंवाकडं वर्तुळ.
"होडीवरचं पोरगं, टॅव्हिस," तो पुटपुटतो,
"पेट्यांवर नंबर टाकतो ना, त्याच मार्करने.
त्याला म्हटलं, तुला जो दिसेल तो."
आत एक गुलाबी चामखीळ,
जन्मात कुणाचं वाईट न केलेली.

ब्रिअनी पुसायला कापूस उचलते.
ठेवून देते.
कड्यासकट फोटो काढते.