सतरा ठिकाणी ओलावा

जिनिंगच्या काट्याशेजारची खोली.
कीबोर्डच्या फटीत रुई, पंख्यात रुई,
चहावर आलेली साय वाटते तीही रुईच.
आणि पडद्यावर
ढाकूलकरांनी चौदा वर्षांपूर्वी लिहिलेला प्रोग्राम,
ज्याला हात लावायचा नाही, असं मुनीमजींनी
मला पहिल्याच दिवशी बजावलं,
उघड्या वायरीबद्दल बजावतात तसं.

ओलाव्याची कपात.
आठाच्या वर गेलं की टक्क्याला टक्का कमी.
एवढंच. पाचवीतल्या पोराचं गणित.
ते मला सतरा ठिकाणी सापडलं.
पावतीत, खतावणीत,
रोखीत वेगळं, उधारीत वेगळं,
रद्द पावतीत, आणि चुकून रद्द केलेली पावती
परत चालू करताना, पुन्हा एकदा.
मागच्या हंगामात शेठजींनी कपात बदलली.
मी सोळा जागा बदलल्या.
सतरावीनं ऐन दिवाळीत
मला चारशे गाड्यांसमोर तोंडघशी पाडलं.

आत 'जर'च्या पोटात 'जर',
त्याच्या पोटात आणखी एक.
असे नऊ 'जर' उतरून गेले
कपडे कमरेला खोचून विहिरीत उतरावं तशी,
तर तळाशी एक टीप:
'हे काढू नये. काढल्यास बंद पडते.'

काढलं.
बंद नाही पडलं.

मग भर ज्येष्ठात, यंत्रं ताडपत्रीखाली झोपलेली असताना,
मी रोज थोडं थोडं पुसत गेले.
शिवदास हमाल दारात बसून तंबाखू मळायचा.
"काय करून राह्यली बाई?"
"कमी करून राह्यली."
"कमी लिहाचा बी पगार भेटते काय?"
काय सांगणार.
चार हजार ओळींच्या अकराशे झाल्या
आणि ओलावा एकाच जागी राहायला आला,
स्वतःच्या घरात, दारावर पाटी लावून.

अकराव्या प्रतीत मात्र एक खोड होती.
गाव क्रमांक चौदा असेल तर दोन टक्के सोडून द्या.
कारण नाही, टीप नाही, तारीख नाही.
चूक म्हटलं, आणि सरळ केली.
तेव्हा फार शहाणी होते मी.

मार्गशीर्षात तुळसाबाई कोवे आल्या,
पावती हातात धरून, बोरखडीहून.
आवाज चढवला नाही त्यांनी.
"धरणाचं पाणी सोडलं का रपटा बुडते, बाई.
बंडीतला खालचा थर भिजतेच.
वरचा कापूस पाय ना, कोरडा खडंग हाय.
ढाकूलकर भाऊले मालूम होतं."

मी बाहेर जाऊन पाहिलं.
चाकं ओली होती, आऱ्यांपर्यंत.
हात खुपसून वरचा कापूस काढला,
तो बोटांना चिकटलाही नाही.

सतरांपैकी सोळा खरंच सारख्या होत्या.
एक फक्त सारखी दिसत होती.
रुई पिंजताना सरकी निघते,
म्हणून कोणी सरकी उकिरड्यावर टाकत नाही,
हे या आवारात राहून
मला कोणी वेगळं शिकवायला नको होतं.

त्या रात्री वीज येऊन जाऊन होती.
इन्व्हर्टर कण्हत होता.
नऊ 'जर' मी परत आणले नाहीत.
एकच आणला, उघड्यावर, सगळ्यांच्या वर,
आणि त्याला नाव दिलं, देवनागरीत.
भाषेनं कुरकुर केली नाही.
खाली लिहिलं: पाणी सोडल्यावर खालचा थर भिजतो,
नमुना वरून घ्यावा. विचारा: तुळसाबाई, बोरखडी.

सकाळी शिवदास चहा ठेवायला आला.
पडद्यापाशी वाकला, एक डोळा मिटून,
चौथीपर्यंतची अक्षरं जुळवत:
"र-प-ट्या-व-रू-न... आ-ली... का."
मग माझ्याकडे पाहिलं,
जरा निराश होऊनच.
"हे तं मलेही समजते."