शहाऐंशीनंतर एकोणनव्वद

थांब फर्गस, ते चकचकीत पुठ्ठ्याचं ठेव जागेवर.
हे घे. जाड आहे, ठाऊक आहे मला.
पाठीला चिकटपट्टी मीच लावलीय, दोनदा.

पहिली वीस पानं कंटाळवाणी;
लिहिणाऱ्या बाईंना हवामानाचं भारी कौतुक.
टे नदीवर धुकं, गल्लीत धुकं, धुक्यात धुकं.
खुशाल उलट ती, मी कुणाला सांगत नाही.
एकविसाव्या पानावर टिबी येते,
अनवाणी, दहा वर्षांची,
आणि अनाथालयाच्या मेट्रनला विचारते,
"लापशी मोजून वाढता, मग प्रार्थनाच तेवढी पोटभर का?"

तिथून पुढे मी बोलायची गरज नाही.

तरी सांगते.
आपल्याच डंडीतली गोष्ट, दीडशे वर्षांपूर्वीची.
सध्या तू ज्या फ्लॅटमध्ये राहतोस
तिथं तागाची गिरणी होती.
बंगालातून गासड्या यायच्या,
ताग मऊ करायला देवमाशाचं तेल,
आणि तो वास पोरांच्या केसांतून
रविवारीसुद्धा जायचा नाही.
यंत्रांचा गदारोळ एवढा, की तोंडाळ टिबीचं
तोंड असून नसल्यासारखं.
मग ती ओठ वाचायला शिकते, एफीकडून.
एफी म्हणजे तिची...
नको, ते तूच वाच.
काचेपलीकडे मुकादम काय पुटपुटला
ते अख्ख्या खात्यात दोघींनाच कळतं, एवढंच सांगते.

नाक मुरडू नकोस.
"शेवटी श्रीमंत काका येतो ना? अशा पुस्तकांत येतोच."
नाही येत. शप्पथ.
तिसऱ्या घरी राहायला आलेल्या पोराला
काका विकण्याइतकी मी निर्लज्ज नाही.

आणि हो, प्रतीत एक खोट आहे.
शहाऐंशीनंतर थेट एकोणनव्वद.
मधलं पान फाटलंय, शिवणीपाशी दाते दिसतील.
दुसरी प्रत मागवता येते.
मी मागवत नाही.

नऊ वर्षांची होते मी, ह्याच खिडकीखाली,
आणि त्या पानावर एफीला ताप चढत होता.
म्हटलं, बघू आता कशी मरते.

पान आहे अजून, बटणांच्या डब्यात,
चौघडी करून.
या प्रतीत एफी नुसती बाहेर गेलीय,
शाल घेऊन, दार उघडं टाकून.

तीन आठवड्यांनी आणून दे.
उशीर झाला तरी चालेल.