रिकामी आळी

इथे दशांशचिन्हानंतर तीन घरं असतात.
हजार बैसा, तेव्हा एक रियाल.
पहिल्या महिन्यात माझी बोटं दोनवरच थांबायची,
इचलकरंजीच्या सवयीने.
हमूद साहेब हसले, म्हणाले,
तिसऱ्या घरात कुणी राहत नाही, बाई.
पूर्णांक करून टाका.

बलदियाच्या दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या यंत्रामागे माझं टेबल.
पाटी : अंतर्गत लेखापरीक्षण.
पाटीवरचा पहिला शब्द शंभर टक्के खरा.
ज्यांच्या सह्या तपासायच्या
त्यांच्याच सहीने दर दोन वर्षांनी
माझ्या रहिवासी कार्डाला पालवी फुटते.
रजेचा अर्ज त्यांच्याकडे, अहवाल त्यांच्याकडे,
ईदला हलव्याचा डबा त्यांच्याकडून.
कुंपणाने शेत खाल्लं तर तक्रार लावायची कुठे?
कुंपणावरच?

समुद्राकाठच्या रस्त्यावरची खजुरांची देखभाल :
झाडं सहाशे चाळीस,
दर झाडामागे दरमहा दोन रियाल तीनशे पंचाहत्तर बैसा.
एकूण एक हजार पाचशे वीस.
ताळा बरोबर. दर महिन्याला बरोबर.
इतका बरोबर की मला झोप येईना.

माझे वडील जकात नाक्यावर कारकून होते.
ट्रक गेला की एक चिंचोका
या खिशातून त्या खिशात.
रात्री जेवायच्या आधी पावत्या आणि चिंचोके शेजारी शेजारी मांडायचे.
चिंचोके नेहमी जास्त भरायचे.
ते कुणाला काही बोलले नाहीत.
जास्तीचे आम्हाला खेळायला द्यायचे.
आमच्याकडे खूप चिंचोके होते.

शुक्रवारी, ऊन चढायच्या आत, मी चालत निघाले.
खिशात खजुराच्या बिया. दहा झाडांमागे एक.
मासेवाल्यांच्या शेडपासून खोर अल-मिल्हच्या पुलापर्यंत
अठ्ठावन्न बिया, वर सात झाडं.
उरली त्रेपन्न आळी.
गोल, कडेने दगड लावलेली,
आणि ओली.

नोआखालीचा मोतालेब पाइप धरून उभा होता.
यात झाड नाही, मी म्हणाले.
कागदावर आहे ना, मॅडम. सुपरवायझर बोलतो, ओलं दिसलं पाहिजे.
चार वर्षं तो खड्ड्यांना पाणी घालतोय.
उन्हाळ्यात दोनदा.
मग जरा थांबून :
एकतिसाव्यात वेल आला होता, कलिंगडाचा,
कुणीतरी थुंकलेल्या बीचा. दोन फळं धरली.
खोलीतल्या नऊ जणांनी खाल्ली.
ते पण लिहिणार?
आवाजात भीती होती, आणि थोडी ऐटसुद्धा.

कलिंगड मी लिहिलं नाही.
बाकी लिहिलं. त्रेपन्न झाडं, अठ्ठेचाळीस महिने,
सहा हजार बेचाळीस रियाल,
पुढे शून्य शून्य शून्य.
तिसऱ्या घरात खरंच कुणी नव्हतं.
खाली ‘प्रत’ लिहून विसर्ग दिला
आणि दोन दिवस त्या दोन टिंबांकडे बघत बसले.
तिसऱ्या दिवशी लिहिलं : मस्कत.

मस्कतहून बाई यायला सहा आठवडे लागले.
तोवर हलवा आला नाही. चहाही वेगळा येऊ लागला.
आदल्या रात्री समुद्राच्या बाजूने ट्रकचे आवाज येत होते.

सकाळी सहाशे चाळीस झाडं.
मी दोनदा मोजली.
हमूद साहेबांनी गाडीचं दार उघडून धरलं,
त्या म्हणाल्या, नको, चालू या.
शैखा बिन्त सुलैमान. पायांत साधे बूट.
एकेका झाडापाशी थांबत गेल्या.
माझा अहवाल त्यांच्या काखेत, आता खोटा,
आणि मोतालेब माझ्याकडे न बघता पाणी घालत होता,
पहिल्यांदाच खऱ्या झाडाला.

एकतिसाव्यापाशी त्या वाकल्या.
खजूर दुसरीकडून उपटून आणला की
झावळ्या शेंड्याला बांधून ठेवतात, मूळ धरेपर्यंत.
त्यांनी गाठीला बोट लावलं.
सुतळी नवी होती. पिवळी.

कुणी काही बोललं नाही.
वहीत त्यांनी एकच शब्द लिहिला,
अरबीत, मला वाचता येण्याइतका मोठा.
पुढच्या झाडाकडे निघाल्या.

माझ्या कार्डाची मुदत अकरा मार्चला संपते.
खिशात हात घातला तर
एक बी राहिली होती.