काचेवरची चिठ्ठी

फेब्रुवारी लागला की ग्रंथालयाच्या व्हरांड्यात
काचेची कपाटं उघडतात,
वर्षभर निजलेले फोटो उठून बसतात.
लाल, काळ्या, हिरव्या पताका.
एक ढोल, त्याला हात लावू नये अशी पाटी.
कॅन्टीनमध्ये महिन्याचा खास बेत: चवळी, मक्याचा पाव.
चवळी अळणी.
बाहेर नदी गोठलेली, मिठाची गाडी
रस्त्यावर फराफरा मीठ फेकत जाते.
"तिथं टाकतात बघ," व्हर्डेल म्हणते, "इथं नाही."

व्हर्डेल पेटिग्रू. रात्रपाळी, अकरा ते सात.
चोवीस वर्षं हा मजला तिच्याकडे.
मी पुस्तकं परत घेण्याच्या टेबलावर,
गयानाहून आलेली, दुसऱ्या वर्षाला, सतत थंडी वाजणारी.
काच पुसायची तिची रीत मला पाठ आहे:
आधी ओलं फडकं, मग वर्तमानपत्राचा बोळा,
शेवटी तोंडाची वाफ.

तिसरं कपाट. १९२७. फुटबॉलचा संघ.
अकरा मुलं, छात्या पुढे काढून,
खाली नावं टंकलेली, मधल्या नावांसकट.
कडेला एकजण, हातात पाण्याची बादली,
अर्धा चौकटीत, अर्धा बाहेर.
त्याच्यापुढे: अनोळखी व्यक्ती.

त्या रात्री वाफ काचेवरून विरून गेली
तरी तिचा हात हलला नाही.
"हा खांदा," ती म्हणाली. "डावा. उतरता.
आईचा असाच होता. माझ्या धाकट्याचाही आहे,
कुठल्याही कोटाची बाही त्याला लांबच होते."
मग बराच वेळ काही नाही.
"आईचा मामा. थर्लो.
घरी सांगायचे, तो कॉलेजात होता.
आम्हा पोरांना थाप वाटायची."
ती हसली. "होता की."

पहाटे वर्गांतल्या शेगड्या पेटवायच्या,
फळे पुसायचे.
पुसण्याआधी तो वाचायचा.
बीजगणित त्याला असं आलं, उलट्या बाजूनं,
उत्तर आधी, प्रश्न नंतर.
पुढं चर्चच्या मागच्या खोलीत
त्यानं नऊ पोरांना ते सुलट करून शिकवलं.

तिनं माझ्याकडून कागद मागून घेतला.
ठळक अक्षरात लिहिलं, काचेवर चिकटवलं:
थर्लो एझ्रा मॅकनॅब. बीजगणित येत होतं.

सकाळी समितीचे गृहस्थ आले, सभ्य, मफलरवाले.
पुरावा आहे का, त्यांनी विचारलं.
दुसऱ्या दिवशी ती धाकट्याला घेऊन आली,
हातात बादली देऊन कपाटाशेजारी उभं केलं.
पोरगा लाजेनं अर्धमेला.
गृहस्थ एकदा काचेत बघत, एकदा त्याच्याकडे.
"विचाराधीन ठेवू," म्हणाले.

शुक्रवारपर्यंत चिठ्ठ्या वाढल्या.
होदाननं आजोबांचं नाव लावलं, सोमाली लिपीत,
जे कुठल्याच फोटोत नव्हते.
विल्नेरनं हैतीतल्या कुणा सुईणीचं.
एकानं नुसतंच लिहिलं: माझी आई, अजून जिवंत आहे.
कपाट दिसेनासं झालं.
मग छापील सूचना: चिकटपट्टीनं काचेवर डाग पडतात.
व्हर्डेलनं चष्मा लावून ती सावकाश वाचली.
"डाग काढते कोण?" तिनं विचारलं.
उत्तर तिलाच ठाऊक होतं, म्हणून सूचना तेवढी काढली.

आता मार्च. पताका खोक्यात, ढोलही खोक्यात.
कॅन्टीनमध्ये पुन्हा पास्ता.
बाकीच्या चिठ्ठ्या गळाल्या, ज्यानं त्यानं नेल्या.
टंकलेली ओळ आहे तशीच, अनोळखी.
रात्री दोनला ती येते, काच लखलखीत करते,
आणि त्या एका चिठ्ठीभोवती
फडकं असं वळवते, जसं झोपलेल्या माणसाभोवती पांघरूण.
कोपरा सुटला असेल तर नवी पट्टी लावते.

मग बादली उचलून माझ्या टेबलापाशी थांबते.
माझ्या पणजीचा जहाजाच्या यादीत फक्त नंबर आहे,
हे मी एकदाच, सहज बोलून गेले होते.
"लागलं का गं नाव?" ती विचारते.
अजून नाही, मी सांगते.
"शोध," ती म्हणते. "कागद आहेत."