‘समजेल’ हे क्रियापद खोडताना

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं:
‘या सत्रानंतर कामगाराला वाळूचं महत्त्व समजेल.’
बासष्ट स्लाइड्स. कोपऱ्यात कंपनीचं बोधचिन्ह,
शेवटी दहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय,
आणि बरोबर उत्तर बहुतेक वेळा सगळ्यांत लांब.
सगळ्यांना दहापैकी दहा पडले.
त्याच महिन्यात शिरोलीच्या त्या फाउंड्रीत
पंपाची दोनशे अकरा कास्टिंग भंगारात गेली,
पोटात वाफेचे फुगे घेऊन.

मॅनेजर म्हणाले, मॅडम, अजून थोडी माहिती घाला.

मी माहिती घातली नाही.
दस्तगीरचाचांच्या शेजारी जाऊन उभी राहिले
तीन पाळ्या, नाकाला ओढणी लावून.
चाचा मिक्सरमधून मूठभर काळी वाळू उचलतात,
आवळतात, बोटं उघडतात,
बघतात न बघतात तोच मोडतात,
‘मगभर पाणी सोड रं.’
कसं कळलं, चाचा?
‘कळतं की.’
कशावरून?
‘आता काय सांगू तुला. हाताला कळतं.’

आई राजारामपुरीत शेजारणींना सांगते,
पोरगी कॉम्प्युटरवर असते.
खरं तर मी अशा ‘कळतं की’च्या दारात
बसून असते, कोणी आत घेईपर्यंत.

चौथ्यांदा विचारलं तेव्हा चाचा वैतागले,
माझ्याच तळहातावर वाळू ठेवली.
आवळ. उघड.
बोटांचे वळ उठले? उठले.
हाताला चिकटली? थोडी.
‘मग पाणी जास्त झालंय. रस ओतला की वाफ हुणार.
वाफ जाणार कुठं?’
आता मोड. कड कशी तुटली?
शिळ्या भाकरीसारखी, मी म्हणाले.
‘शिळी न्हवं गं. सकाळची भाकरी दुपारी मोडती, तशी पायजे.’

रात्री फाइल उघडली आणि ‘समजेल’ खोडलं.
समजलेलं कुणाला दिसतं?
त्या जागी लिहिलं: कामगार मूठ आवळेल, मोडेल,
पाणी कमी की जास्त ते सांगेल,
दहातून नऊ वेळा.
संचालकांचं स्वागतपर मनोगत गेलं,
वाळूचा जागतिक इतिहास गेला,
माझा आवडता फिरणारा बाण गेला (दोन दिवस लागले होते त्याला).
उरल्या चार ओळी, चाचांच्या हाताचा फोटो, नखांसकट,
आणि तीन बादल्या, चिठ्ठी न लावलेल्या.

बसगोंडा, गडहिंग्लजकडचा, आयटीआय पास,
पहिल्या दिवशी दहातून दोन.
‘पुस्तकात ओलावा साडेतीन टक्के दिलाय,’ तो पुटपुटला,
बादलीकडे बघत, जणू आकडा वर तरंगत येईल.
तिसऱ्या दिवशी सात.
पाचव्या दिवशी तो चाचांशी एका बादलीवरून भांडला.
चाचांनी पुन्हा मूठ आवळली,
मोडली,
आणि काहीच बोलले नाहीत.
माझ्या वहीत त्या न बोलण्यासाठी रकाना नव्हता.

मग कागद मिक्सरजवळ चिकटवायची वेळ आली.
‘चष्मा न्हाई, तूच वाच,’ चाचा म्हणाले.
वाचला. अर्धा मिनिटही लागला नाही.
‘एकतीस वर्सं,’ ते म्हणाले, ‘आन एवढंच?’

उत्तर होतं माझ्याकडे. नवशिक्याला आधी इतकंच पेलतं,
बाकीचं हाताशी हात लागून येतं वगैरे.
खरं उत्तर. तोंडातून निघेना.

‘ह्यात ते न्हाई बघ,’ चाचा म्हणाले,
‘पंचगंगेवरनं पहाटेचं गार वारं सुटलं की वाळू...’
भोंगा झाला. डबे उघडले.
वाक्य तिथंच राहिलं.

चाचा मार्चअखेर रिटायर होतात.
कागदावर चार ओळींखाली मी पाचवा आकडा टाकलाय,
पुढे कोरं.
मॅनेजरांनी बोट ठेवून विचारलं, छपाईत काही राहिलंय का?
हो, म्हटलं. असू द्या.